चार बोटांचा पाय

गाडीत पाहुणे चढले की माझी पहिली सूचना ठरलेली असते: तोंड बंद. बोलायचं नाही, खिदळायचं नाही, चिप्सचं पाकीट फोडायचं नाही. वाघ दिसलाच तर श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. बेहडाझरी गेटवर गाईड होऊन मला बावीस वर्षं झाली आणि बावीस वर्षं माझं हेच टुमणं चालू आहे. पाहुणे तोंड वाकडं करतात. करू द्या! वाघ डोळ्यांना नंतर दिसतो, आधी कानांना कळतो, हे त्यांना कोण सांगणार?

पण नुसत्या मातीवरून वाघ ओळखणारं माणूस आमच्या जंगलात एकच होतं. कौतिका मडावी. माझ्याच गावची, नात्यानं वहिनी.

कागदावर ती 'रोजंदारी मजूर'. काम एकच, तिठ्यावरची पाऊलपट्टी सांभाळायची. रस्त्याच्या रुंदीभर आणि वीसेक पावलं लांब असा चाळलेल्या मऊ मातीचा पट्टा. रात्री जे जनावर तिथून जाईल त्याचं पाऊल त्यावर उमटतं. कौतिका उजाडता उजाडता यायची, कडेच्या गवतातून चालत एकेक ठसा वाचायची. वाघाचा असला तर वर काच ठेवून उतरवून घ्यायची. मग जवळच्या चौकीवर वनरक्षक भोयरला सांगायची, तो वहीत लिहायचा. आणि हे सगळं झालं की मगच शिंदीच्या खराट्यानं पट्टी झाडून पुन्हा कोरी. चौदा वर्षांत हा क्रम एकदाही उलटा झाला नव्हता.

बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाय असा वाचायची की समोरच्याला घाम फुटावा. एकदा नवे साहेब आले, पट्टीच्या कडेनं चालले. ही म्हणाली, "साहेब, उजवी कंबर दुखते का तुमची?" साहेब चाट! उजवा पाय ओढत चालतात हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. माझेही एकदा वाभाडे काढले तिनं. रात्री ड्युटी होती असं मी घरी सांगितलेलं. सकाळी हापशीवर सगळ्या बायांसमोर ही विचारते, "मधूभाऊ, काल कोणती ड्युटी होती वो? एक पाय रस्त्यात अन् एक नालीत पडून राहिला होता तुमचा." महिनाभर बायकोनं मला धड जेवायला वाढलं नाही.

गंमत वेगळी आणि वही वेगळी. दुपारी भोयर त्या वहीवरूनच ठरवायचा की उद्या मजूर कोणत्या बाजूला पायी पाठवायचे. जिकडं वाघीण गेली तिकडं माणूस जायचं नाही. आमच्या गावच्या बाया बिनघोर जंगलात कामाला जायच्या त्या कौतिकाच्या शब्दावर.

आता तिच्या सासऱ्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यामुळं झालं.

आमचं गाव मोहटोला पूर्वी जंगलाच्या आत होतं. पंधरा वर्षांपूर्वी उठवून बाहेर बसवलं. घरं नेली, देव नेले, दरवाजेसुद्धा उखडून नेले. पण मोहाची झाडं कशी नेणार? आमच्यात प्रत्येक घराचा आपला आपला मोह असतो. बापाकडून लेकाकडं येतो. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. इतरांनी हळूहळू मनाची समजूत घातली. झितरूबाबानं नाही घातली. सत्तरी उलटलेला, कानानं ठार बहिरा, डोळ्यांत वडस. चैत्र लागला की म्हातारा अस्वस्थ. "माझ्या बापाचा मोह तिकडं फुलं गाळून राहिला अन् मी इथं खाटेवर बसू?" मोहाखाली चप्पल घालून जायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम, म्हणून म्हातारा जंगलात शिरतानाच चपला काढून झुडपात लपवायचा आणि अनवाणी जायचा.

आणि त्या अनवाणी पायात खोट. तरुणपणी कुऱ्हाड निसटून डाव्या पायाची करंगळी गेलेली. अख्ख्या रेंजमध्ये चार बोटांचा पाय एकच. आदल्या वर्षी म्हातारा पकडला गेला. साहेबांनी अंगठा घेऊन सोडलं, पण बजावून ठेवलं, "पुन्हा आत दिसलात तर केस होईल. आणि घरची बाई आमच्याकडे कामाला आहे, तिचंही काम जाईल." म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला ऐकू काय आलं, देव जाणे.

कौतिकाचा नवरा चैत्रात तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो. घरात ती, एक पोरगी आणि हा म्हातारा. तिच्या कामावर चूल चालायची.

त्या दिवशी सहाला गेट उघडलं. आमची गाडी पहिली, मागं पाच. गाडी चालवणारा पोचू, गालात तंबाखूचा खर्रा धरलेला, दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलणारा. मागच्या सीटवर इचलकरंजीचे मगदूम साहेब आणि त्यांच्या मिसेस. साहेबांच्या मांडीवर हातभर लांबीचा कॅमेरा. "नैताम, तीन फेऱ्या झाल्या, फक्त हरणं! आज काजळी दाखवा," म्हणाले. काजळी म्हणजे आमची वाघीण. डोळ्याखाली काळी रेघ आणि पायाशी तीन बछडी, जेमतेम तीन महिन्यांची. पिल्लांची आई म्हणजे आग. दोन दिवस ती तलावाच्या बाजूला होती.

तिठ्यावर आलो. डावीकडचा रस्ता तलावाला, उजवीकडचा जुन्या मोहटोल्याला, आणि त्या उजव्या रस्त्याच्या तोंडाशीच पाऊलपट्टी. कौतिका पट्टीवर उभी. नेहमी ती कडेला गवतात असते, त्या दिवशी मधोमध, हातात खराटा.

"काय गेलं वहिनी?" मी विचारलं.

"काही नाई गेलं." माझ्याकडं न बघता बोलली. "तलावाकडंच असन ते. तिकडं जा."

पट्टी झाडलेली होती. भोयर आला नव्हता, काच तिच्या पिशवीतच होती, आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी! मी काही बोलणार तेवढ्यात माझी नजर तिच्या पायाकडं गेली. तिच्या टाचेखालून माणसाच्या पायाचा एक ठसा अर्धा बाहेर आला होता. चार बोटं. माझं लक्ष गेलेलं तिनं पाहिलं. तिनं टाच हळूच सरकवली आणि घासली.

अच्छा, म्हटलं. म्हातारा आत आहे तर! आता इथं सहा गाड्या, त्यात एखादा साहेबांचा माणूस. वहिनीनं पुसलं ते बरं केलं. आपल्या माणसावर कशाला बालंट आणा? मी डोळ्यानं तिला 'कळलं' म्हटलं, आणि मागच्या गाड्यांनाही हात केला, "चला रे, तलावाकडं! इकडं काही नाई."

हे माझं पाप. कौतिकाचं तिनं पुढं कबूल केलं, माझं मी इथं करतो.

तलावावर पोचलो तर चिटपाखरू नाही. चितळं निवांत पाणी पीत होती, एक सांबर गळ्याएवढ्या पाण्यात उभं. वाघ जवळपास असला की सांबर असं उभं राहत नाही. तेवढ्यात पलीकडच्या गेटची एक गाडी आली. तिचा गाईड वाकून म्हणाला, "कायले बसले इथं? काजळी तर पिल्लं घेऊन रातीच निघाली. तुमच्याच तिठ्याकडं गेली, आमच्या बाजूला तिचे पाय तिकडंच जाऊन राहिले."

मी म्हटलं, "तिठ्यावर तर काही नाई गेलं."

"तर मंग उडून गेली असन," तो हसला आणि गाडी घेऊन गेला.

एक पाय पुसायला काय लागतं? तळहात फिरवला की झालं. कौतिकानं वीस पावलांची अख्खी पट्टी का झाडली? नुसता म्हातारा गेला असता तर तिनं तेवढीच जागा पुसली असती आणि बाकीचं सुखानं वाचलं असतं. तिनं सगळं झाडलं, कारण सगळ्या पट्टीभर दुसरं कोणीतरी चाललं होतं. वाघीण गेली म्हणून सांगितलं असतं तर सहाच्या सहा गाड्या उजवीकडं वळल्या असत्या आणि मोहाखाली म्हातारा सगळ्यांना दिसला असता. म्हणून बाईनं दोघांनाही पुसून टाकलं, आम्हाला उलटीकडं धाडलं, आणि आता ती एकटी पायी त्याला आणायला गेली असणार. हातात खराटा घेऊन!

आणि सहा गाड्यांचा आवाज, धूर, माणसं असती तर पिल्लांची आई आपणच बाजूला झाली असती. त्या गाड्या मी तलावाकडं आणल्या होत्या.

तेवढ्यात लांबून, मोहटोल्याच्या अंगानं, वानर खोकलं, वाघ दिसल्यावर खोकतं तसं. एकदा. मग पुन्हा. मग थांबेचना.

"पोचू, गाडी काढ. मोहटोला."

पोचूनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "इथून गाडी उलटी न्यायले बंदी हाय. लायसन जाईन."

"झितरूबाबा तिकडं हाय बे. अन् काजळी बी."

पोचूनं गाडी अशी वळवली की मगदूम साहेबांचा कॅमेरा दाराला आपटला.

"अहो, काय चाललंय? वाघ आहे का तिकडं?" साहेब ओरडले.

"आहे साहेब."

"नक्की?"

"आज पहिल्यांदा असं वाटून राहिलं की नसला तर बरं," मी म्हणालो. मिसेसनी माझ्याकडं पाहिलं आणि साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या बाईला काहीतरी कळलं होतं.

तिठ्यावर पट्टी कोरी पडलेली. तिच्या मधोमध नुसती कौतिकाची पावलं, उजवीकडं गेलेली. लांब लांब पडलेली. धावत गेली होती.

जुन्या मोहटोल्यात आता घरांचे ओटे तेवढे उरलेत, एक फुटकं जातं, आणि मोह. झितरूबाबाचा मोह गावाच्या पार टोकाला. वळणावरून पुढं झालो आणि पोचूनं ब्रेक दाबला.

म्हातारा मोहाखाली ओणवा होऊन फुलं वेचत होता. आमच्याकडं पाठ. एक फूल उचलायचं, फुंकर मारायची, टोपलीत टाकायचं. सगळीकडं फुलांचा सडा, आणि म्हातारा आपल्या तंद्रीत. त्याच्यापासून चाळीसेक पावलांवर घाणेरीची जाळी. त्या जाळीच्या तोंडाशी काजळी बसलेली. कान मागं, शेपटीचं टोक हलतंय. पाठीमागं जाळीत काहीतरी बारीक म्याव म्याव करत होतं.

आणि कौतिका. ती ना म्हाताऱ्याजवळ होती, ना रस्त्यावर. दोघांच्या मध्ये, जरा बाजूला, उघड्यावर उभी. दोन्ही हातांनी खराटा डोक्यावर उभा धरलेला, आहे त्याहून उंच दिसावं म्हणून.

नंतर तिनंच मला सांगितलं. ती पोचली तेव्हा काजळी म्हाताऱ्याकडं बघत होती. ओणवं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. हाक मारावी तर म्हातारा बहिरा. धावावं तर वाघीण धावणार. म्हणून ही मोकळ्यात आली आणि खराटा वर धरून उभी राहिली. काजळीनं नजर वळवून हिच्याकडं पाहिलं. हिनं म्हाताऱ्याकडं एक पाऊल टाकलं की ती गुरकावायची, मागं सरकलं की मान पुन्हा म्हाताऱ्याकडं वळायची. "मंग मी म्हटलं, हलूच नाई. माझ्याकडं पाहून राहिली ना बाई, पाहू दे." अर्धा तास ती तशी उभी होती. तो म्हातारा तिकडं फुलांवर फुंकर मारतोय आणि ही इकडं अर्धा तास!

"मधात घाल गाडी," मी पोचूला म्हटलं. "सावकाश."

पोचूनं गाडी रस्ता सोडून खाली उतरवली. ओट्याच्या दगडावरून चाक गेलं, गाडी एका अंगाला कलंडली, मिसेसनी तोंडावर पदर दाबला. काजळी उठून उभी राहिली. गाडी मध्ये शिरायला दहा पावलं उरली होती, तेवढ्यात ती आली. चार उड्या. तो आवाज मी याआधी लांबून ऐकला होता, पुढ्यात कधी नाही. छातीत हाडं हलली. गाडीच्या नाकापासून दोन हातांवर ती थांबली, जमिनीवर पंजा मारला, मातीचा लोट माझ्या तोंडावर आला. पोचूनं ना हॉर्न दिला, ना गाडी मागं घेतली. नुसतं इंजिन घरघरवत राहिला. वाघीण बघते, पोचू बघतो. मी कुलदैवत आठवायला गेलो तर नावच सुचेना.

मग जाळीतलं पिल्लू पुन्हा ओरडलं. काजळीनं मान वळवली, आणि तशीच पाठ न दाखवता मागं मागं सरकत जाळीपाशी गेली. बसली नाही. उभीच.

गाईडनं गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, हा पहिला नियम. मी उडी टाकली आणि म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं. तो दचकून सरळ झाला, मला ओळखलं, गाडी पाहिली, चाकाखाली चेंगरलेली फुलं पाहिली.

"डोळे फुटले का रे तुहे, मध्या?" म्हातारा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात गरजला. "गाडी घालून राहिला मोहाखाली? चपला घालून आला?"

मी त्याचं तोंड धरून जाळीकडं वळवलं. त्याला किती दिसलं माहीत नाही, पण काजळी गुरकावली ती त्याला जमिनीतून कळली असावी. टोपली छातीशी धरून तो गुपचूप गाडीत चढला. कौतिका मात्र जागची हलेना. खराटा वरच. पोचूनं गाडी तिच्याजवळ नेली तेव्हा मिसेसनी वाकून तिच्या हातातून खराटा काढून घेतला आणि तिला वर ओढलं. बाईची बोटं खराट्याच्या आकारात वळलेली, सरळच होईनात. मिसेस आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसल्या.

जरा लांब आल्यावर ती सासऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मामाजी, मेले असते ना तुम्ही!" आणि रडायला लागली. म्हाताऱ्यानं टोपलीतली मूठभर फुलं काढून तिच्या ओच्यात घातली. दुसरं त्याला काय सुचणार होतं?

नाल्याच्या उतारावर, जिथून गाव हाकेच्या अंतरावर आहे, तिथं म्हाताऱ्याला उतरवलं. मी मगदूम साहेबांपुढं हात जोडले. "साहेब, फोटो..."

"फोटो?" साहेबांनी कॅमेरा उचलून दाखवला. झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. "आम्ही आज काही पाहिलं नाही, नैताम. चौथी फेरीसुद्धा फुकट गेली."

झालं! पोचू बोलणार नाही, मी बोलणार नाही, पाहुणे संध्याकाळी इचलकरंजीला. पट्टी कोरी. देवानं अलगद सोडवलं, असं मी समजलो.

दुपारी गाड्यांच्या वेळा लिहायला चौकीवर गेलो. भोयर टेबलाशी, कौतिका दाराशी उकिडवी बसलेली. भोयर माणूस चांगला, फक्त घाईचा. "तुहं आजचं काहीच नाई ना? निरंक लिहितो," म्हणाला. त्यानं लिहिलं आणि दुसरा कागद ओढला. "उद्या जाळरेषेवरचा पाला झाडायचा हाय. बाया अकरा. तलावाकडं काजळी हाय म्हणते तू, तर मंग..." पेन चावत त्यानं विचार केला. "जुना मोहटोला. तिकडं मोकळं हाय."

माझ्या हातातलं पेन थांबलं. अकरा बाया. वणवा अडवायच्या त्या पट्ट्यावर ओणव्या होऊन पाला झाडणार. त्यात माझी बायको होती.

तरी मी गप्प होतो, खरं सांगतो. डोकं भराभर चालत होतं, काहीतरी थाप मारू, जीप नादुरुस्त आहे म्हणू, रस्त्यात झाड पडलं म्हणू. तेवढ्यात कौतिका उठली.

"भोयरसाहेब, ते निरंक खोडा."

"काहून?"

"लिहा. वाघीण एक, पिल्लं तीन. तलावाकडून आली, मोहटोल्याकडं गेली. पहाटचे पाय, दव पडल्यावरचे."

भोयर बघतच राहिला. "अन् सकाळी काही नाई म्हणे तू? काच कुठं हाय? ठसा कुठं हाय?"

"पुसला."

"कोणी?"

"मीनं."

मी मध्ये पडलो. "अहो, दिसली असन तिले लांबून, लिहून टाका ना वाघीण, बाकीचं कायले..."

भोयरनं माझ्याकडं पाहिलं. त्याला अर्धं कळलं होतं. आवाज उतरवून म्हणाला, "कौतिका, मी वाघीण दिसली एवढंच लिहितो. बाकी राहू दे."

"नुसतं दिसली म्हटल्यावर साहेब उद्याचं काम बंद करतील का?"

साहेब वरच्या ऑफिसात, उन्हाळ्याची जाळरेषा अडलेली, रोज फोन. ठशाशिवाय काम थांबत नाही हे चौदा वर्षं तिनंच पाहिलेलं.

"मंग सगळं लिहा," ती म्हणाली. "माणूस एक, अनवाणी. वाघिणीच्या आधी गेला. वाघिणीचा पंजा त्याच्या टाचेवर पडला होता." तिनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "डाव्या पायाले चार बोटं. करंगळी नाई. माह्या माणसावर केस होऊ नये म्हणून मीनं पट्टी झाडली. अन् गाड्या तलावाकडं धाडल्या. लिहा साहेब. आता लिहिलं नाई तर उद्या माह्या खोट्यावर अकरा बाया जातीन."

भोयरनं निरंक खोडलं. मग त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं अंगठा पुढं केला. मी पण सही केली, माझ्या वाट्याची. पोचूला सांगितलं तर तो फक्त म्हणाला, "बरं केलं."

मजूर दुसऱ्या बाजूला गेले. तिसऱ्या दिवशी खात्यानं झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतली चित्रं निघाली. बाया ज्या सकाळी मोहटोल्यात असत्या, त्या सकाळी पावणेआठला काजळी तिन्ही पिल्लं घेऊन जाळरेषेवरूनच गेली होती. माझ्या बायकोनं ते ऐकलं, चुलीपाशी बसून राहिली, आणि संध्याकाळी वाटीभर तांदूळ घेऊन कौतिकाकडं गेली. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही.

आठवड्यानं कागद आला. कौतिका कामावरून बंद. झितरूबाबावर केस. मला पंधरा दिवस, पोचूला महिना गाडी बंद. वरचे साहेब वाईट नव्हते, नियमानं गेले. पण ज्या बाईच्या शब्दावर गाव जंगलात जात होतं, तिला खरं बोलल्याबद्दल घरी बसवलं, हे माझ्या आजही घशाखाली उतरत नाही. ती मात्र रडली नाही. "पट्टी कोरी असली की लोकं समजतात कोणी गेलं नाई," एवढंच एकदा बोलली. "एवढं खोटं मीनं कधी कोणाशी बोललं नव्हतं भाऊ."

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र लागला. पट्टीवर आता ठेकेदाराचा माणूस आहे, आठ वाजल्याशिवाय उगवत नाही. सकाळी आमची गाडी पहिली. पोचूच चालवत होता. मागं अमळनेरचं एक कुटुंब, आजी, सून, दोन जावई. तिठ्यावर आलो आणि पोचूनं न सांगता गाडी थांबवली.

पट्टीवर पावलं होती. डावा पाय चार बोटांचा, अनवाणी, जड. शेजारी दुसरी पावलं, बाईची, तीही अनवाणी. दोन्ही जोडीनं उजवीकडं गेलेली. आणि पट्टीच्या बरोब्बर मधोमध! मी बघतच राहिलो. चौदा वर्षं जी बाई कडेच्या गवतातून चालली, पट्टीला धक्का न लावता कसं जायचं हे जिच्याएवढं कोणालाच येत नव्हतं, ती आज ठसठशीत पाय उठवत गेली होती. टाचा तर मुद्दाम दाबलेल्या. कोणी आत गेलंय ते कळावं म्हणून. पहिली गाडी कोणाची असते, तेही तिला ठाऊक होतं.

"काय गेलं हो?" एका जावयानं विचारलं. "वाघ?"

पोचूनं माझ्याकडं पाहिलं. मी उजवा रस्ता पाहिला, वेळ पाहिली. गेल्या वर्षी इथून तलावाकडं नेलेला सहा गाड्यांचा आवाज आठवला.

"वाघ इथंच येणार," मी म्हणालो. "इथंच थांबू आपण."

"मग गप्प बसायचं ना?" सून म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत, तोंड बंद."

"ते तिकडं. इथं बोला. हसा. चिप्स आहेत ना, खा, पाकीट फोडा." ते सगळे माझ्याकडं वेड लागल्यासारखे बघायला लागले. आजीबाईंनी मात्र भाबडेपणानं विचारलं, "भजन म्हटलं तर चालेल का, बाबा?"

"म्हणा आजी," मी म्हटलं. "जरा जोरात म्हणा. लांबपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

आजींनी टाळी धरली. पोचूनं इंजिन बंद केलं नाही.